वैर, प्रीती आणि वाचकाचा कौल

आमच्या महाविद्यालयाच्या वाङ्मय मंडळात दरमहा ‘मी वाचलेले पुस्तक’ या नावाचा एक छोटा कार्यक्रम होत असतो. मराठीचे प्राध्यापक रजेवर असल्यामुळे गेल्या खेपेस अध्यक्षपदाची जबाबदारी अर्थशास्त्राच्या शिक्षकावर, म्हणजे प्रस्तुत लेखकावर, येऊन पडली. द्वितीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीने त्या दिवशी एका इंग्रजी ऐतिहासिक प्रणयकादंबरीचा परिचय करून दिला. दोन वैरी सरदार घराणी, त्यांतल्या एकाचा पराभव, तहाच्या अटीपायी शत्रूच्या घरात दिलेली मुलगी, जवळजवळ अखेरपर्यंत चालणारा उभयतांचा द्वेष आणि शेवटच्या काही प्रकरणांत त्या द्वेषाची झालेली प्रीती, असे तिचे कथानक. अशा कादंबऱ्या इंग्रजीत आता सतत निघत असतात. जेन ऑस्टिनने १८१३ साली ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये मानी नायक आणि तितकीच मानी नायिका यांची जी जोडी जमवली, तिचेच हे दूरचे वंशज म्हणावयाचे.

परिचय संपल्यावर मुलांनी जी मते मांडली, ती कान देऊन ऐकण्यासारखी होती. एकाला द्वेष खरा वाटला, पण प्रेम उरकून टाकल्यासारखे वाटले. एका मुलीचा आक्षेप असा की, ज्याने बापाचा किल्ला घेतला त्याला क्षमा करण्यापूर्वी नायिकेने त्याच्याकडून काही वसूल करावयास हवे होते. तिसऱ्याच्या मते दोघांचे वैर मुळात गैरसमजावर उभे होते आणि जे गैरसमज दूर होताच विरते ते वैरच नव्हे. मग मागच्या बाकावरून एक प्रश्न आला: ‘‘सर, असली कादंबरी मराठीत का नाही? आपल्याकडे लढाया काही कमी झाल्या नाहीत.’’

वर्गात हशा पिकला आणि तास संपल्याची घंटा झाल्याने अध्यक्षांची अब्रू वाचली. परंतु प्रश्न मनातून जाईना. त्याचे उत्तर लेखकांपेक्षा वाचकांपाशी आहे, असे विचारान्ती वाटू लागले. तेच येथे मांडीत आहे.

खरेच असे घडले काय?

मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी मुंबईतच जन्मास आली. रा. भि. गुंजीकरांची ‘मोचनगड’ १८७१ सालची. तेव्हापासून आजपर्यंत मराठी वाचकाने ऐतिहासिक कादंबरीवर जे उदंड प्रेम केले, तसे अन्य कोणत्या गद्यप्रकारावर क्वचितच केले असेल. पण या प्रेमाला एक अट आहे. इंग्रजी प्रणयकादंबरीचा वाचक ‘पुढे काय झाले?’ असे विचारतो. मराठी वाचक त्याआधी ‘खरेच असे घडले काय?’ असे विचारतो. त्याचा एक हात काळजावर असतो आणि दुसरा बखरीवर.

त्यातही शत्रूच्या घरची स्त्री हा विषय आला की आपल्या मनात एक चित्र आपोआप उभे राहते. कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेला शिवछत्रपतींनी साडीचोळी देऊन सन्मानाने परत पाठवल्याची कथा आपण शाळेत शिकलो, कीर्तनात ऐकली, चित्रात पाहिली. त्या कथेचा तपशील इतिहासाच्या कसोटीला कितपत उतरतो याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. पण समाजाने ती आदर्श म्हणून स्वीकारली याबद्दल मतभेद नाही. शत्रूची स्त्री मातेसमान मानावी, ही दृष्टी उदात्त आहे. ज्या काळी जगभर पराभूतांच्या स्त्रिया लुटीत धरल्या जात, त्या काळाकडे पाहता तिचे मोल आणखीच वाढते. मात्र कादंबरीकाराची तिने मोठीच पंचाईत केली. जिला पाहताच मातेचे स्मरण व्हावयाचे आणि जिला तत्काळ परत पाठवावयाचे, तिच्याशी आधी भांडण व मग प्रीती व्हावयास सवड कोठली?

आमच्या लेखकांनी यातून एक वाट काढली. पुणे-साताऱ्यापासून जसजसे दूर जावे, तसतसे स्वातंत्र्य वाढते, असा जणू त्यांचा अनुभव असावा. हरिभाऊ आपट्यांना ‘वज्राघात’मध्ये रामराजा आणि मेहेरजान यांची प्रीती रंगवता आली, ती विजयनगरच्या भूमीवर. नाथमाधवांच्या ‘वीरधवल’मधील राज्य तर कोणत्याच नकाशावर नव्हते. जेथे वाचकाचे पूर्वज नाहीत तेथे वाचकाची हरकतही नाही.

काल्पनिक नावांचा सुखी संसार

याचा सर्वांत ठळक पुरावा कादंबरीत नसून रंगभूमीवर आहे. कृ. प्र. खाडिलकरांचे ‘संगीत मानापमान’ किर्लोस्कर नाटक मंडळीने १२ मार्च १९११ रोजी मुंबईच्या रिपन थिएटरात रंगभूमीवर आणले. सेनापती धैर्यधर शूर, पण निर्धन. श्रीमंत घरची भामिनी त्याच्या दारिद्र्यावरून त्याचा अपमान करते. तोही मानी, तो तिला तुच्छ लेखतो. मग ती वनमाला नावाची गरीब मुलगी बनून त्याच्या छावणीत जाते आणि तिरस्काराचे प्रेम होते. आमच्या विद्यार्थिनीच्या कादंबरीत यापेक्षा निराळे काय होते? अर्थशास्त्राच्या शिक्षकाला तर या नाटकात आणखी एक रस आहे: माणसाची किंमत आणि माणसाचे मोल यांतला फरक भामिनीला कळेपर्यंत तीन-चार तास जातात आणि प्रेक्षकाला त्यांतला एक क्षणही जड होत नाही.

या नाटकाच्या इतिहासातही वैराचे नाट्य घडून गेले. बालगंधर्व आणि केशवराव भोसले हे दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे धनी. दोघांच्या चाहत्यांचे तट पडलेले. असे असता टिळक स्वराज्य फंडासाठी ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात ‘संयुक्त मानापमान’ झाले. केशवराव धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. त्या रात्री दोन्ही तटांनी टाळ्या वाजवल्या. तीन महिन्यांच्या आत केशवराव निवर्तले, आणि तो प्रयोग दंतकथा झाला. गिरगाव-दादरच्या जुन्या पिढीत त्या रात्रीच्या आठवणी ऐकीव स्वरूपात का होईना, पुढे कित्येक वर्षे सांगितल्या जात.

भामिनीने छावणीत जाऊन परक्या पुरुषाची भेट घेतली, म्हणून ती कोणाच्या घराण्याला कलंक ठरली नाही, कारण ती कोणाच्याच घराण्यातली नव्हती. काल्पनिक नावांचा संसार सुखाचा होतो. कसोटी लागते ती खऱ्या नावांची.

‘राऊ’च्या समासातील टिपा

खऱ्या नावांची ती कसोटी ना. सं. इनामदारांनी १९७२ साली ‘राऊ’ लिहून घेतली. त्यापूर्वी दहा वर्षे, १९६२ साली, रणजित देसाईंच्या ‘स्वामी’ने मराठी घराघरांत थोरले माधवराव व रमाबाई यांना नेऊन पोहोचवले होते. परंतु रमा-माधवांचे प्रेम धर्माच्या, कुळाच्या आणि वाचकाच्या आशीर्वादाखाली फुललेले होते. बाजीराव-मस्तानीचे तसे नव्हते.

मस्तानी कोण, याविषयी जुन्या कागदांचे एकमत नाही. महंमदखान बंगषाने कोंडीत धरलेल्या छत्रसालाच्या मदतीला बाजीराव १७२९ साली धावून गेला. त्या छत्रसालाची ती कन्या, असे एक मत. ती कलावंतीण होती, असे दुसरे. आणि तिसरी एक कथा तिला थेट निजामाच्या घरची मुलगी ठरवते. म्हणजे ज्या निजामाला बाजीरावाने १७२८ साली पालखेडला शरण आणले, त्याच्याच घरची! ही कथा इतिहास म्हणून टिकत नाही. पण लोकांच्या मनाला शत्रूच्या घरची नायिका मुळीच वर्ज्य नव्हती, एवढे तिच्यावरून निश्चित कळते. पुढे १९८९ साली द. ग. गोडसे यांनी ‘मस्तानी’ या आपल्या ग्रंथात तिच्या चरित्रावर साचलेली पुटे दूर करण्याचा साक्षेपी प्रयत्न केला.

‘राऊ’ची गंमत अशी की, त्यात प्रेमी जीव एकमेकांचे वैरी नाहीत. वैर निर्माण होते ते प्रेमानंतर आणि ते उभे राहते ते स्वतःच्याच घरात. आई, भाऊ, पुत्र, पुण्यातील ब्रह्मवृंद. दिल्लीपर्यंत ज्याचा दरारा, त्या पेशव्याला घरच्या मंगलकार्यात ताठ मानेने उभे राहता येत नाही. इंग्रजी कादंबरीत शत्रूचा प्रियकर होतो. आमच्याकडे प्रियकरामुळे आप्तांचे शत्रू होतात. मागच्या बाकावरील प्रश्नकर्त्याला हे माझे अर्धे उत्तर.

हा लेख लिहिण्यासाठी दादरच्या एका वाचनालयातून ‘राऊ’ आणली. कापडी बांधणी दोनदा बदललेली, तारखांच्या चिठ्ठीवर दुसरी चिठ्ठी डकवलेली. ग्रंथपालांची क्षमा मागून सांगतो की, छापील मजकुराइतकाच मला समासातील पेन्सिलीचा मजकूर वाचनीय वाटला. एकाने काशीबाईंच्या दुःखाच्या पानावर तिच्याविषयी कणव व्यक्त केली आहे. खाली दुसऱ्या हस्ताक्षरात मस्तानीचे दुःख मोठे की काशीबाईंचे, असा सवाल आहे. एका इतिहासप्रेमी गृहस्थाने सनावळ्या तपासून एका ठिकाणी फुली मारली आहे. शेवटच्या पानावर तिघांनी रडू आल्याचे नमूद केले आहे. सभ्यतेच्या दृष्टीने सार्वजनिक पुस्तकावर लिहिणे वाईटच. पण कोणत्याही परीक्षणात न सापडणारा वाचकांचा कौल येथे सापडतो. त्याचे सार काढावयाचे तर असे: मस्तानीवर अन्याय झाला, काशीबाईंवरही झाला, आणि दोष जगाचा.

२०१५ साली याच कादंबरीच्या आधारे हिंदी चित्रपट निघाला, तेव्हा मात्र सूर निराळा लागला. काशीबाई व मस्तानी यांनी एकत्र नृत्य करावे याला पेशव्यांच्या वंशजांनी व अनेक इतिहासप्रेमींनी हरकत घेतली. पुण्यात काही खेळ रद्दही करावे लागले. त्या हरकतीत तथ्यांश होता, हे मान्य केले पाहिजे. इतिहासातील स्त्रियांना वाटेल तसे नाचवण्याचा परवाना कोणाला नसतो. प्रश्न एवढाच की, आपला आक्षेप इतिहासाच्या चुकीला असतो की त्या दोघींमधील वैर संपल्याचे दिसण्याला? या दोन आक्षेपांची आपण फार वेळा गल्लत करतो.

एक वर्गणी, चार वाचक

येथे थोडे व्यक्तिगत लिहिण्याची मुभा वाचकांनी द्यावी. माझे बालपण लालबागच्या एका चाळीत गेले. वडील गिरणीत साच्यावर होते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर ते पुन्हा गिरणीत गेले नाहीत. घरखर्चातून पहिल्यांदा जे गेले त्यांत वाचनालयाची वर्गणी होती. काही वर्षांनी आईने आणि शेजारच्या तिघींनी त्यावर तोड काढली. चौघींत मिळून एक वर्गणी. पुस्तक पंधरा दिवसांत चार घरांतून फिरून परत जाई. एकाने उपभोगल्याने दुसऱ्यासाठी कमी होत नाही अशी वस्तू कोणती, हे मला पुढे पदव्युत्तर वर्गात शिकवले गेले. उदाहरण मी घरूनच घेऊन गेलो होतो.

पुस्तके आणण्याचे काम चौघींपैकी एकीच्या मुलीकडे होते. ती फोर्टमधल्या एका कचेरीत टंकलेखिका होती. येताना करी रोडला न उतरता एक स्टेशन पुढे परळला उतरून ती पुस्तक बदलून आणी. ‘राऊ’ तिनेच आणली. ती पंधरवडाभर गॅलरीत आणि नळावर गाजली. एका वयस्कर काकूंनी राधाबाईंची बाजू घेतली: घर एकत्र ठेवावयाचे तर कोणाला तरी वाईट व्हावे लागते. दुसरीचा सारा ओढा काशीबाईंकडे. माझी आई मस्तानीची कैवारी. डोळे मात्र चौघींचेही पुसून झाले होते. पुस्तक आणणाऱ्या मुलीला तिचे मत कोणी विचारले नाही.

पुढे डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ आले. त्या दिवसांत आमच्या वस्तीने काय पाहिले, ते मुंबईकर वाचकाला सांगावयास नको. रात्रीची गस्त, बंद दुकाने, अफवा आणि त्यानंतर मार्चमधील बाँबस्फोट. जी माणसे काल एका गिरणीच्या एका खात्यात होती, ती एकमेकांच्या मोहल्ल्यातून जाईनाशी झाली. आणि नेमक्या या पार्श्वभूमीवर, वर्ष-दीड वर्षाने, त्या मुलीने कचेरीतल्या एका मुसलमान सहकाऱ्याशी १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी पद्धतीने लग्न केले. कायद्याप्रमाणे तीस दिवस आधी द्यावयाची नोटीस कचेरीच्या फलकावर लागली होती, ती कोणाच्या तरी दृष्टीस पडली आणि चाळीत बातमी लग्नाच्या आधीच पोहोचली.

‘राऊ’ वाचून डोळे पुसणाऱ्या त्याच चौघी. एक तर मुलीची आईच. तिने महिनाभर दार उघडले नाही. दुसऱ्या दोघींनी तिच्या घरी हळदीकुंकवाला जाणे सोडले. आणि मस्तानीची कैवारी असलेली माझी आई? तिनेही त्या मुलीचे नाव घरात काढू दिले नाही. आमच्या फळीवर नाथांचे ‘रुक्मिणी स्वयंवर’ होते. उपवर मुलींनी त्याचे पारायण करावे, अशी आपल्याकडील रीत. भावाने ठरवलेले स्थळ नाकारून, पत्र पाठवून, आपल्या भावाच्या वैऱ्याबरोबर निघून गेलेल्या मुलीची ती कथा आहे, हे मात्र त्या वेळी कोणाच्या ध्यानी आले नाही.

बोललेले मत आणि वागलेले मत

पॉल सॅम्युएलसन यांनी १९३८ साली ग्राहकाच्या वर्तनाविषयी एक साधी, पण दूरगामी कल्पना मांडली. माणसाला काय आवडते हे त्याच्या मनात शिरून शोधीत बसू नये. समोर पर्याय असताना त्याने निवडले काय, ते पाहावे. हे माप वाचकाला लावले तर समासातील टिपा, नळावरची चर्चा आणि पुसलेले डोळे ही सारी बोललेली मते ठरतात. वागलेले मत दार लावून घेण्यात दिसते. मग ‘राऊ’वरचे आपले अश्रू खोटे होते, असा निष्कर्ष काढावा काय?

काही वर्षे मी तसाच निष्कर्ष काढीत होतो. वाचन म्हणजे फुकटची सहानुभूती, जिची किंमत कोणालाच मोजावी लागत नाही, असे व्याख्यानांतून सांगतही होतो. परंतु माझ्या हिशेबात एक नोंद राहून गेली होती.

त्या मुलीला पहिले मूल झाले ते परळच्या एका प्रसूतिगृहात. बातमी कळली त्या दिवशी आई काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने डिंकाचे लाडू वळले, एक झबले-टोपडे पिशवीत घातले आणि दुपारी एकटीच निघून गेली. संध्याकाळी वडिलांनी विचारले, तेव्हा तिने लपवले नाही. वडील म्हणाले, ‘‘एवढे दिवस नाव घेत नव्हतीस, मग आजच काय झालं?’’ आई म्हणाली, ‘‘अहो, मस्तानी मेल्यावर काशीबाईंनी तिचं पोर सांभाळलं म्हणतात. त्याचं कौतुक आम्ही चौघींनी किती केलं! पण ती जिवंत होती तेव्हा तिची कोणी विचारपूस केली असती, तर पुस्तक एवढं रडकं झालं नसतं.’’

मस्तानी नजरकैदेत असतानाच २८ एप्रिल १७४० रोजी रावेरखेडीला बाजीराव गेला आणि त्यामागोमाग तीही गेली. पाबळला तिची कबर आहे. तिचा मुलगा समशेरबहाद्दर पेशव्यांच्या घरात वाढला आणि १७६१ साली पानिपतावर मराठ्यांच्या बाजूने लढताना झालेल्या जखमांनी मरण पावला. ज्या घराने आईला सामावून घेतले नाही, त्या घरासाठी मुलाने प्राण दिले. आई सातवीपर्यंत शिकलेली. या सनावळ्या तिला पाठ नव्हत्या. पण ‘राऊ’विषयी मी ऐकलेले सर्वांत अचूक मत तिचे आहे, आणि ते द्यावयास तिला पुस्तक वाचल्यापासून पाच-सहा वर्षे लागली. आईनंतर महिनाभराने मुलीची आईही नातवाला पाहून आली. इतर दोघी गेल्या नाहीत. एवढेच घडले.

तेव्हा विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उरलेले अर्धे उत्तर असे: वैराची प्रीती होण्याची कथा मराठीत नाही असे नाही, ती आपण काल्पनिक नावांना सहज देतो, पूर्वजांना कष्टाने देतो आणि शेजाऱ्यांना बहुधा देतच नाही. लेखकाने मात्र म्हणून हात आखडता घेऊ नये. पुस्तकावर वाचकाने पहिल्या पंधरा दिवसांत दिलेला कौल हा अंतिम नसतो. वाचनालयाच्या चिठ्ठीवर परतीची तारीख पडते, पुस्तक कपाटात जाते; वाचकाच्या मनातून ते इतक्या लवकर परत केले जात नाही.

पुढच्या महिन्याच्या कार्यक्रमास मराठीचे प्राध्यापक रजेवरून परत येणार आहेत. त्यांना विनंती करून मी ‘राऊ’ची ती प्रत विद्यार्थ्यांच्या हाती देणार आहे. समासात कोणी लिहू नये, एवढे बजावून.